शेरा : फोन उचलला नाही

काकांच्या घरी गेले की मी खिडकीकडे पाठ करून बसते. मग उजेड काकांच्या तोंडावर पडतो आणि त्यांचे ओठ मला नीट दिसतात. नऊ वर्षांची असताना मला मेंदुज्वर झाला आणि त्यात दोन्ही कान गेले. तोवर बोलायला-वाचायला शिकले होते, म्हणून बोलणं राहिलं. कानामागचं यंत्र लावलं की आवाज येतो, शब्द मात्र येत नाहीत. शब्द मी ओठांवरून घेते. काकांना हे ठाऊक आहे. माझ्याशी बोलताना ते मिशीवरून हात फिरवत नाहीत, कप तोंडासमोर धरत नाहीत, आणि मी चष्मा पुसायला घेतला तर तेवढा वेळ गप्प बसतात.

काका म्हणजे माझ्या बाबांचे मित्र. सेवायोजन कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी करून ते २०१४ साली निवृत्त झाले. त्या कार्यालयाच्या पाटीवर आता ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असं नाव आहे, पण गावात अजून सगळे त्याला ‘एम्प्लॉयमेंट’च म्हणतात. ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातलंस का?’ हा प्रश्न आमच्या वयाच्या मुलांनी दहावीच्या निकालाच्या दिवशीच ऐकलेला आहे.

त्या संध्याकाळी मी काकांकडे भांडायलाच गेले होते. महिन्याभरापूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार मेळावा झाला. मी बी.कॉम. झालेय, एमएस-सीआयटी, मराठी-इंग्रजी टायपिंग, टॅली, जीएसटीचं रिटर्न भरणं, सगळं येतं. चार स्टॉलवर बायोडेटा दिला. प्रत्येक प्रतीवर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं : ‘मला ऐकू येत नाही. कृपया फोन न करता संदेश पाठवावा.’ तीन आठवडे वाट पाहून चौकशीला गेले. खिडकीतल्या बाई भल्या होत्या. माझ्याशी बोलायची अडचण होतेय म्हटल्यावर त्यांनी संगणकाचा पडदाच माझ्याकडे वळवला. माझ्या नावासमोर चार ओळी होत्या आणि चारही ओळींत शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होतं : ‘उमेदवाराने फोन उचलला नाही.’

“काका, लाल शाईतलं चौघांपैकी एकानेही वाचलं नाही,” मी म्हटलं. “आणि आता तो शेरा माझ्या नावावर बसला. उद्या कुणी बघितलं तर त्याला वाटणार, हिला नोकरीची गरजच नाही.”

काकांनी विचारलं, “तुझी नोंदणी चालू आहे ना? अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा क्रमांक जोडलायस?”

“तुम्हाला पहिल्यांदा हेच सुचलं?”

“हेच सुचणार, पोरी. कागद पक्का असला तर भांडण पुढे जातं. नसला तर तू कितीही खरं बोल, समोरचा म्हणतो, बाई, तुमची नोंदच सापडत नाही.”

काकांचं म्हणणं मी इथे नीट मांडणार आहे. ते वरवरचं नाही, आणि मला ते सगळं खोडताही आलेलं नाही.

“आमचं खातं निघालं १९४५ साली,” ते म्हणाले. “महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावायचं होतं. १९४८ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. मी लागलो तेव्हा सगळा कारभार कार्डांवर होता. तुझं एक्स-वन कार्ड आमच्या लोखंडी ड्रॉवरमध्ये, एक्स-टेन कार्ड तुझ्या खिशात. जागा निघाली की आम्ही कार्डं चाळायचो, बसतील ती नावं काढायचो आणि पोरांच्या घरी कॉल जायचा. एम्प्लॉयमेंटचा कॉल आला म्हणून पेढे वाटलेले मी पाहिलेत. अपंगांची कार्डं आम्ही वेगळी ठेवायचो. वाडीवस्तीवरचा पोलिओ झालेला पोरगा, ज्याला घरातले हिशेबातही धरत नव्हते, तो आमच्या ड्रॉवरमध्ये नाव, वय, शिक्षणासह होता. सरकारच्या लेखी तो माणूस होता. ही लहान गोष्ट समजू नकोस.”

काका अजून ‘अपंग’ म्हणतात, मी ‘दिव्यांग’ लिहिते. शब्दावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

“आणि आजचं बघ,” ते पुढे म्हणाले. “२०१८ सालची राष्ट्रीय नमुना पाहणी आहे. देशातल्या अपंगांपैकी प्रमाणपत्र असलेले २८.८ टक्के. म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर जणांकडे कागदच नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के केलं, त्यात तुमच्या कर्णबधिरांना स्वतंत्र एक टक्का आहे. पण त्या एकाहत्तर जणांना त्याचा काय उपयोग? म्हणून मी प्रत्येकाला आधी कागद विचारतो.”

“त्याच पाहणीतला दुसरा आकडा सांगू?” मी म्हटलं. तो मला पाठ आहे. “पंधरा वर्षांवरच्या शंभर दिव्यांगांपैकी कामावर असलेले किंवा काम शोधणारे, दोन्ही मिळून २३.८. बेरोजगारीचा दर निघाला ४.२ टक्के. वाचणाऱ्याला वाटावं, दिव्यांगांत बेरोजगारी फारशी नाहीच. पण काम शोधणाऱ्यालाच बेरोजगार धरतात, काका. उरलेले शहात्तर शोधतच नाहीत. त्यात म्हातारे आहेत, शिकणारे आहेत, खरोखर काम न झेपणारेही आहेत, ते मला मान्य. पण माझ्यासारखे चार शेरे पडल्यावर पाचव्यांदा न गेलेलेही त्यातच आहेत, आणि ते कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत.”

काका यावर काही बोलले नाहीत. काकूंनी पोहे आणून ठेवले, ते आम्ही खाल्ले.

मग मी त्यांना प्रमाणपत्राची गोष्ट सांगितली. मी चार बुधवार घालवून ते काढलं. कानाच्या तपासणीसाठी आलेल्या लोकांची रांग, आणि त्या रांगेतली नावं शिपाई दारातून ओरडून पुकारत होता. पहिल्या बुधवारी माझं नाव पुकारून गेलं. दुसऱ्या बुधवारी आईला बरोबर नेलं, तर आई पाणी आणायला गेली आणि तेवढ्यात नाव पुन्हा गेलं. बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा होते, तेही तसेच बसून राहिलेले. तिसऱ्या बुधवारी तपासणी झाली, चौथ्या बुधवारी सही-शिक्का. बहिऱ्यांच्या रांगेत हाक मारून बोलावू नये, हे त्या इमारतीत कुणालाही सुचलेलं नव्हतं. तिथे कुणी वाईट नव्हतं. शिपाईसुद्धा मायाळूच होता, दुसऱ्यांदा माझी वेळ गेल्यावर त्याला फार वाईट वाटलं.

“आणि तो कागद काय सांगतो?” मी विचारलं. “कायद्यात लिहिलंय, दोन्ही कानांनी ७० डेसिबल गेले की कर्णबधिर, ६० ते ७० च्या मध्ये गेले तर कमी ऐकू येणारा. पुढे त्याची टक्केवारी. चाळीस किंवा त्याहून जास्त असलं की आरक्षणाला पात्र. हा माझ्या कानांचा आकडा झाला. मला कुठलं काम येतं, ते करायला काय लागेल, कुठल्या खुर्चीत बसवलं तर दारातून येणारा माणूस मला दिसेल, यातलं काहीही त्यात नाही. तुमच्या खात्याने मला इतक्या वर्षांत एकदाही हे विचारलेलं नाही. टक्का विचारला. प्रत्येक वेळी टक्काच विचारला.”

“टक्का विचारल्याशिवाय लाभ कुणाला द्यायचा ते कसं ठरवणार?” काका म्हणाले. “२०२४ साली खोट्या प्रमाणपत्रांवरून केवढं रान उठलं ते तूच वर्तमानपत्रात वाचलंस. कुणीतरी तुमच्या वाट्याची जागा लाटतो, म्हणून तपासणी कडक होते.”

“लाटणारा एक, आणि पुन्हा बुधवारच्या रांगेत उभे राहणारे आम्ही सगळे. तपासा, माझी ना नाही. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात काय सांगितलं? त्यांना हात आखडण्याचा विकार, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक हवा होता. चाळीस टक्क्यांची अट त्यांना लागू होत नव्हती, तरी लेखनिक मिळायला हवा म्हणून न्यायालयाने सांगितलं. आरक्षण टक्क्यावर द्या, पण सोय गरजेवर द्या.”

खटल्याचं नाव काकांनी डायरीत टिपून घेतलं. कायद्याचं काही निघालं की ते अजूनही टिपून घेतात.

“तू म्हणतेस तसं विचारणारी जागा आहे,” ते म्हणाले. “मुंबईत शीवला. १९६८ साली अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्र निघालं, हैदराबादचं आणि ते, देशातली पहिली दोन. मी तिथे जाऊन आलोय. माणसाच्या हातात प्रत्यक्ष काम द्यायचे. रंधा दे, शिवण दे, सोल्डरिंग दे, टाइपरायटर दे. मानसशास्त्रज्ञ बोलायचा. मग काय जमेल ते लिहून काढायचे. आता त्याला नॅशनल करिअर सर्व्हिसचं केंद्र म्हणतात.”

“आणि आमच्या तालुक्यातला माणूस शीवला कधी जाणार, काका?”

“नाही जाणार,” ते म्हणाले. हे मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.

भांडण खरं तापलं ते सांगावं की लपवावं यावर. काकांचं ठाम मत आहे की अर्जाच्या पहिल्या ओळीत अपंगत्व लिहावं. खोटं पचत नाही, आणि लपवलं तर पुढे हक्क मागता येत नाही. मी त्यांना तेव्हा एक गोष्ट सांगितली. ती बाबांनाही पूर्ण माहीत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी अकरा ठिकाणी खरं सांगून मुलाखत दिली होती. अकराही ठिकाणी पाच मिनिटांत ‘कळवतो’. बाराव्या ठिकाणी केस मोकळे सोडून गेले. यंत्र केसांखाली झाकलं गेलं. एक व्यापारी पेढी होती, हिशेबनीस हवा होता. मालक समोर बसून, सावकाश, स्पष्ट बोलणारे होते. मला सगळं कळलं आणि नोकरी लागली. काम मला येत होतं. पहिल्याच महिन्यात मागच्या वर्षाच्या येण्यांमधली एक चूक मी काढून दिली, मालक खूश झाले. पण माझ्या टेबलावर एक करड्या रंगाचा फोन होता. तो वाजायचा तेव्हा त्याच्यावर कुठलाही दिवा लागायचा नाही. दिवसभर मी त्या फोनवर हाताचा तळवा ठेवून काम करायचे. वाजला की तळव्याला थरथर लागायची. मग उठून मालकांच्या केबिनमध्ये जायचं आणि विचारायचं, “हाक मारलीत का?” उजव्या हाताने माऊस, डावा हात फोनवर. जेवायला उठले की पोटात गोळा यायचा, कारण त्या वीस मिनिटांत फोन वाजला तर कळणार नाही. चार महिने असे काढले. एके दिवशी मालकांच्या गिऱ्हाइकाने बाहेरून तीनदा फोन केला, तेव्हा मी फायलींच्या खोलीत होते. ‘मुलगी उर्मट आहे, फोनच घेत नाही’ असं त्याने सांगितलं. मी केस मागे घेऊन यंत्र दाखवलं. मालक म्हणाले, “आधी सांगायला हवं होतं.” महिना भरला आणि पगार देऊन थांबवलं.

“बघ, मी म्हणतो ते हेच,” काका म्हणाले. “आधी सांगायला हवं होतं.”

“आधी अकरा ठिकाणी सांगितलं होतं, काका.”

“बारावा कदाचित वेगळा निघाला असता.”

“कदाचित. पण त्या ‘कदाचित’ची परीक्षा प्रत्येक वेळी मी एकटीने का द्यायची? मुलाखतीच्या आधी तुमच्या खात्यातल्या एकाने त्यांना दोन ओळी लिहिल्या असत्या तर? ही मुलगी हिशेब उत्तम करते, हिला फोन देऊ नका, बाकी काही लागणार नाही. माझ्या तोंडून ते आलं की ती अडचण वाटते. सरकारी शिक्क्याखाली आलं असतं तर ती माहिती वाटली असती.”

काकांना हे लागलं. ते उठले, येरझारा घालायला लागले, आणि त्यांचं बोलणं माझ्या हातून सुटलं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते परत येऊन बसले आणि पहिल्यापासून म्हणाले.

“आम्ही काहीच केलं नाही असं म्हणू नकोस. सार्वजनिक फोनच्या पीसीओ बूथसाठी किती जणांची शिफारस केली मी! एसटी स्टँडच्या बाहेर, कोर्टासमोर, दवाखान्याच्या दारात. एकेका बूथवर संसार उभे राहिले.”

“आणि मोबाइल आल्यावर?”

“बंद पडले.”

“मग त्या माणसांचं काय झालं? कुणी विचारलं?”

मला बूथ आठवतात. पत्र्याचं खोकं, आत स्टुलावर बसलेला माणूस, बाहेर टेकवलेल्या कुबड्या. माझं म्हणणं असं की दिव्यांगाला एका खोक्यात बसवलं की व्यवस्थेचं काम संपलं, असा समज तेव्हापासून रुजला. काका म्हणाले, त्या खोक्यातून दोन पोरींची लग्नं झाली, एक मुलगा इंजिनीअर झाला, तू खोकं म्हणू नकोस. त्यांचंही खरं आहे. पण त्या माणसाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोंदणीच्या खिडकीत यावं लागलं तेव्हा त्याच्यासाठी त्या खिडकीत काहीही नव्हतं, हेही खरं आहे. काका स्वतःच त्या खिडकीत बसलेले होते. त्यांनीच मला ते सांगितलं.

इतक्यात लाइट गेली.

अंधार झाला की माझं बोलणं संपतं. समोरचा माणूस असतो आणि नसतो. अशा वेळी बहुतेक जण मोबाइलचा टॉर्च माझ्या तोंडावर मारतात, माझे डोळे दिपतात आणि त्यांचे ओठ अंधारातच राहतात. काकांनी मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि स्वतःच्या हनुवटीखाली धरला. पांढरी मिशी, दोन पडलेले दात, ओठ, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. तसा हात धरून ते जवळजवळ वीस मिनिटं बोलले.

“एक मुलगा होता,” ते म्हणाले. “मूकबधिर शाळेतून सातवी होऊन आलेला. एमआयडीसीतल्या एका कारखान्याला प्रेसवर माणसं हवी होती. मी नाव पाठवलं, मालक नाही म्हणाला. भोंगा ऐकू येणार नाही, हात जाईल, जबाबदारी कुणाची? त्याची भीती खोटी नव्हती. मी तीन दिवस सीएल टाकली आणि त्या पोराबरोबर गेलो. शॉपमध्ये उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या वायरमनला म्हटलं, भोंग्याच्या वायरीवर एक लाल बल्ब जोडशील का? त्याने अर्ध्या तासात जोडला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या प्रेसवरचा कामगार त्याला खुणा करून गोष्टी सांगायला लागला होता. मी घरी आलो. तो पोरगा अजून तिथेच आहे.”

मी विचारलं, “असे किती केलेत?”

“तो एकच.”

“का?”

“ते माझ्या कामात बसत नव्हतं. प्रवासभत्ता नाही, हजेरी नाही. हजारो नावांचं रजिस्टर आणि आम्ही चार माणसं. १९५९ चा कायदा काय म्हणायचा? पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी मालकाने रिकाम्या जागा आम्हाला कळवायच्या. आम्ही पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असं त्यात कुठेही नव्हतं. जागा नाही कळवली तर पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. पुढे १९९६ साली न्यायालयाने सांगितलं की नुसती आमच्याकडची नावं घेऊन भरती करू नका, जाहिरातही द्या. ते न्यायाचंच होतं, पण आमच्या कॉलची किंमत गेली. २००८ साली केंद्राने योजना काढली, खासगी मालकाने अपंगाला पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर ठेवलं तर पीएफ आणि ईएसआयचा मालकाचा हिस्सा तीन वर्षं सरकार भरेल. चांगली योजना. निवृत्त होईपर्यंत तिची चौकशी करायला माझ्या टेबलाशी एकही मालक आला नाही. मी तरी कुणाच्या दारात जाऊन सांगितली? नाही सांगितली. परिपत्रक फलकावर लावलं.”

टॉर्च धरलेला त्यांचा हात थरथरत होता. मी तो माझ्या हातात घेतला आणि त्यांच्या तोंडावर उजेड धरून राहिले.

माझं मत त्या वीस मिनिटांत पक्कं झालं. नोंदणी ही सेवेची सुरुवात आहे. काकांनी त्या तीन दिवसांत जे केलं, ती सेवा. मालकाशी बोलणं, जागा बघणं, काय जोडावं-हलवावं लागेल ते तिथल्या माणसाला विचारणं, आणि पहिले काही दिवस पाठीशी उभं राहणं. राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस याच कामासाठी नेमावा, त्याला प्रवासभत्ता मिळावा आणि त्याच्या वर्षाच्या कामाची मोजणी नोंदवलेल्या नावांवरून न होता सहा महिन्यांनंतर कामावर टिकलेल्या माणसांवरून व्हावी.

काकांना हे पूर्ण पटलेलं नाही. “खासगीच्या मागे किती धावणार?” ते म्हणतात. “चार वर्षांत मालक बदलतो, कंपनी उठून जाते. सरकारी अनुशेष भरायला लावा. एकदा लागलीस की निवृत्तीपर्यंत कुणी काढत नाही. उल्हासनगरची प्रांजल पाटील बघ. दृष्टी नाही, आयएएस झाली, २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली.”

“त्याच्या आधी परीक्षेत निवड होऊनही रेल्वेच्या सेवेत त्यांना घेतलं नव्हतं, दृष्टी नाही म्हणूनच. सरकारी दारातही तोच प्रश्न आहे, काका.”

“पण ती पुन्हा परीक्षेला बसली.”

“सगळ्यांना पुन्हा बसण्याइतका श्वास नसतो.”

मी माझ्या मैत्रिणीचं सांगितलं. तिला पोलिओ आहे. एका दुकानात नऊ हजारांची नोकरी चालून आली आणि तिने ती सोडली. संजय गांधी निराधारचं अनुदान तिला दीड वर्षं खेपा घातल्यावर सुरू झालेलं. नोकरी धरली तर उत्पन्नाच्या दाखल्यात ती मर्यादेबाहेर जाणार, अनुदान बंद. नोकरी तीन महिन्यांत गेली तर पुन्हा दीड वर्षाच्या खेपा. तिला आळशी म्हणणारे नातेवाईक मी ऐकलेत. तिने हिशेब मांडला होता आणि तो बरोबर होता. काका म्हणाले, यावर त्यांच्याकडे उत्तर नाही.

लाइट आली. काकांनी डायरीचं पान फाडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “लिही. विषय : श्रवणदोष असलेल्या उमेदवारांशी संपर्क साधण्याच्या पद्धतीबाबत.”

“पुन्हा कागदच?”

“तोंडी तक्रारीला आवक क्रमांक मिळत नाही, पोरी.”

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. ज्या भाषेचा मला एरवी कंटाळा येतो, ती काकांच्या तोंडून इतकी नेमकी येत होती की एक शब्द बदलावा लागला नाही. पहिली मागणी, नोंदणीच्या नमुन्यात ‘संपर्काची पद्धत’ असा रकाना असावा : फोन, संदेश, घरच्या व्यक्तीमार्फत. दुसरी, जो उमेदवार संदेश मागतो त्याच्या नावासमोर ‘फोन उचलला नाही’ हा शेरा घेऊ नये आणि माझे चार शेरे दुरुस्त करावेत. तिसरी, मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक आस्थापनेकडे २०१६ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण आहे का, हे स्टॉल देण्याआधी विचारावं. असं धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं असतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात दिव्यांगांना कुठल्या जागा आणि कुठल्या सोयी देणार ते लिहायचं असतं. तिसऱ्या मागणीवर काका स्वतःच थांबले. “एकतीस वर्षांत हे मी कुणाला विचारलं नाही,” म्हणाले. तो कायदा २०१७ च्या एप्रिलमध्ये अमलात आला, तेव्हा ते घरी बसले होते. तरीही ते तसं म्हणाले.

शेवटी मी माझ्याकडून एक ओळ घातली : मुलाखतीला गरज पडल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळावा. मला तो लागत नाही, पण आमच्यातल्या अनेकांना लागतो. काकांनी भुवया वर केल्या. मी त्यांना सांगितलं की २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने थेट सर्वोच्च न्यायालयात काम चालवलं. तिथे चालतं तर जिल्ह्याच्या मेळाव्यात का नाही? काकांनी ओळ राहू दिली.

अर्ज मी दिला. आवक क्रमांक मिळाला. प्रत दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला, पुण्याला, नोंदणीकृत टपालाने पाठवली. रकाना अजून आलेला नाही. चारपैकी दोन शेरे निघाले, दोन आहेत. खिडकीतल्या त्या बाई मात्र आता स्वतःच्या मोबाइलवरून मला संदेश पाठवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी एका जागेबद्दल कळवलं, मी उद्या तिथे जातेय. काका बरोबर येतो म्हणालेत. मी नको म्हटलं, ते ऐकणार नाहीत.

हे वाचणाऱ्यांत कुणी दुकानाचे, पेढीचे, कारखान्याचे मालक असतील, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असतील, जाहिरात लिहिणारे असतील. तुमच्याकडे जागा निघाली आणि तुम्ही जाहिरातीत फोन नंबर दिलात, तर त्याच्या शेजारी एवढं छापा : ‘संदेश पाठवला तरी चालेल.’ आणि तो आला की वाचा.